इंटरनेटचे पोलीस: कादंबरीतले आणि ठाण्यातले

'नेट फोर्स' ही इंग्रजी कादंबरी १९९९ साली आली आणि तिच्यातली गोष्ट घडते २०१० साली. इंटरनेट घराघरात पोचलंय, पाठोपाठ गुन्हेगारही तिथे पोचलेत, म्हणून अमेरिकेने एफबीआयच्या आत खास इंटरनेटसाठी एक दल उभारलंय. दलाचा प्रमुख मारला जातो आणि त्याच्या जागी आलेला अधिकारी जगभर पसरलेल्या कटाचा माग काढतो. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला हे पुस्तक मिळालं तेव्हा २०१० उलटून गेलं होतं. त्यामुळे लेखकांनी रंगवलेलं उद्याचं जग आणि माझ्या आजूबाजूचं खरं जग शेजारी ठेवून मला ते वाचता आलं.

नंतर ते पुस्तक घरात आणि मित्रांत बरंच फिरलं. ज्याने वाचलं त्याने काही ना काही बोलूनच परत केलं. एका मित्राचा राग मुखपृष्ठावर होता. तिथे टॉम क्लॅन्सी हे नाव ठसठशीत आहे, पण कल्पना क्लॅन्सी आणि स्टीव्ह पिचेनिक यांची, आणि प्रत्यक्ष लिहिणारे हात स्टीव्ह पेरी यांचे. क्लॅन्सीच्या कादंबऱ्यांतले पाणबुड्यांचे बारकावे आवडणाऱ्या माणसाला फसल्यासारखं वाटणं साहजिक आहे. दुसरा मित्र एका कंपनीत नेटवर्क सांभाळतो. तो म्हणाला, "गोष्ट चांगली आहे, पण नेटवर्कमध्ये गाडी चालवत कोण जातं रे?" कायद्याचं शिकणाऱ्या माझ्या भाचीने पुस्तक दोन दिवसांत संपवलं आणि एवढंच विचारलं, "मामा, हे सगळं करायची परवानगी यांना कोणी दिली?"

माझ्या मते कादंबरीतली खरी फट या शेवटच्या दोघांना बरोबर दिसली. इंटरनेटवर पोलीस नेमकं काय करतात हे त्यांच्या प्रश्नांना धरूनच सांगतो.

आधी गाडीचं. कादंबरीतला संगणकतज्ज्ञ जाळ्यात शिरतो तो आभासी जगाची साधनं अंगावर चढवून. माहितीचा प्रवाह त्याला हमरस्त्यासारखा दिसतो, तो त्यावरून गाडी पळवतो, संशयित पुढे आणि हा मागे. वाचायला मजा येते. पण इंटरनेट ही एक जागा आहे आणि गुन्हेगार त्या जागेत वावरतो, हे त्या चित्रात गृहीत धरलेलं आहे. खऱ्या इंटरनेटची चाल टपालासारखी आहे. तुम्ही फोटो पाठवला की त्याचे बारीक तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर 'कुठून' आणि 'कुठे' असे दोन पत्ते लिहिले जातात. वाटेतली यंत्रं पत्ता बघून तुकडा पुढे ढकलतात आणि विसरून जातात. काही थोडी यंत्रं मात्र वहीत नोंद ठेवतात. पोलिसांना मिळतं ते एवढंच, या नोंदी. टपाल केव्हाच पोचून गेलेलं असतं आणि तपास अधिकारी एकेका टपाल कचेरीच्या दारात उभा राहून विचारत असतो की अमुक तारखेला अमुक वाजता हा पत्ता तुम्ही कोणाला दिला होता?

हे किती जुनं आहे ते एका खऱ्या तपासावरून कळेल. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाचा खगोलशास्त्रज्ञ संगणक विभागात काम करत होता. त्या काळी संगणक वापरल्याच्या वेळेचे पैसे लावले जायचे. महिन्याचा हिशेब ७५ सेंटनी जुळेना. एक डॉलरसुद्धा नाही. स्टोलने तो फरक सोडला नाही. कोणीतरी बाहेरून शिरतंय हे लक्षात आल्यावर त्याने येणाऱ्या फोनलाइनींना छपाईयंत्रं जोडली आणि तो पाहुणा टाइप करेल ते अक्षर न अक्षर कागदावर उतरवून घेतलं. एफबीआयकडे गेला तर नुकसानीचा आकडा ऐकून त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे माग जर्मनीपर्यंत पोचला, पण तिथल्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये फोन कुठून आला हे माणसाला हाताने शोधावं लागायचं आणि तेवढ्या वेळात पाहुणा निघून जायचा. शेवटी स्टोलने लष्करी वाटतील अशी खोटी कागदपत्रं संगणकावर पेरून ठेवली. तो माणूस ती वाचत बसला, फोन चालू राहिला आणि हॅनोव्हर शहरातलं घर सापडलं. मार्कुस हेस हा तरुण चोरलेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकणाऱ्या टोळीतला निघाला.

या गोष्टीत पाठलाग कुठेच नाही. हिशेबाची वही, छापलेल्या कागदांचा गठ्ठा आणि दुसऱ्या देशातल्या टेलिफोन खात्याची मदत यांवर सगळा तपास उभा आहे. आज तंत्र पार बदललं, तरी तपासाचा सांगाडा हाच आहे.

आता त्या पत्त्याकडे जरा नीट बघू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. इंटरनेटला जोडलेल्या यंत्राला मिळणारा क्रमांक म्हणजे आयपी ॲड्रेस. जुन्या पण अजून सर्रास चालणाऱ्या पद्धतीत असे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत. जगात माणसंच ८०० कोटींच्या वर आहेत आणि एकेकाच्या घरात तीन-तीन यंत्रं. पत्ते पुरत नाहीत, म्हणून मोबाइल कंपन्या एकच पत्ता एका वेळी बऱ्याच ग्राहकांना वाटून देतात. गिरगावातल्या चाळीसारखं समजा. पाकिटावर चाळीचं नाव आहे, खोली क्रमांक नाही, आणि चाळीत शंभर बिऱ्हाडं. इंटरनेटच्या भाषेत खोली क्रमांकाला पोर्ट नंबर म्हणतात. ज्या संकेतस्थळावर गुन्हा घडला त्याने नोंद ठेवताना पोर्ट लिहिलाच नसेल, तर मोबाइल कंपनी पोलिसांना एक नाव देऊ शकत नाही. ती अख्ख्या चाळीची यादी देते.

दुसरा घोळ घड्याळाचा. जगभरचे सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेत नोंद ठेवतात आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. सर्व्हरने '१४ तारीख, १९:१०' असं लिहिलं असेल तर सातारा-सांगलीत तेव्हा १५ तारीख उजाडून रात्रीचे १२:४० झालेले असतात. कंपनीला पत्र पाठवणारा तपास अधिकारी ही साडेपाच तासांची भर घालायला विसरला आणि त्याने १४ तारखेच्या संध्याकाळचं नाव विचारलं, तर उत्तर मिळेल, व्यवस्थित सही-शिक्क्यासह मिळेल, पण ते भलत्याच माणसाचं असेल. तो पत्ता संध्याकाळी एकाकडे होता, मध्यरात्री दुसऱ्याकडे गेला. निरपराध माणसाच्या दारावर थाप पडायला एवढी चूक पुरे आहे. मला हा सगळा विषय महत्त्वाचा वाटतो तो यासाठीच. आयपी ॲड्रेस सापडला म्हणजे गुन्हेगार सापडला असं बातमीत वाचलं की मी दोनदा थांबतो. पत्त्याने फार तर एक जोडणी कळते. त्या जोडणीवर कोण बसलं होतं, घरातला मुलगा की वायफायचा पासवर्ड माहीत असलेला शेजारी, ते वेगळं शोधावं लागतं.

ही अडचण सरकारलाही ठाऊक आहे. संगणक सुरक्षेचं काम पाहणाऱ्या 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला की कंपन्यांनी आपली घड्याळं सरकारी वेळेशी जुळवावीत, नोंदी १८० दिवस जपाव्यात आणि घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं. त्याच आदेशात व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं ठेवावेत असंही होतं. व्हीपीएन म्हणजे तुमचं पाकीट दुसऱ्याच्या पाकिटात घालून पाठवणारा मध्यस्थ. बाहेर त्याचा पत्ता दिसतो, तुमचा दिसत नाही. आम्ही नोंदीच ठेवत नाही, हे सांगूनच यातल्या बऱ्याच कंपन्या ग्राहक मिळवतात. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी नोंदी सुरू करण्याऐवजी भारतातले आपले सर्व्हरच काढून घेतले. आदेश भारताचा, सर्व्हर गेला भारताबाहेर, सेवा चालूच.

म्हणजे पुढची अडचण सरहद्दीची. 'नेट फोर्स'मधलं दल अमेरिकेचं आहे, पण कटाचा माग काढत ते सहज जगभर पोचतं. खऱ्या अधिकाऱ्याचा अधिकार त्याच्या देशाच्या सीमेवर थांबतो. साताऱ्यातल्या अधिकाऱ्याला अमेरिकेतल्या ईमेल कंपनीकडून एखाद्या खात्यातला मजकूर हवा असेल तर ती मागणी दिल्लीत गृह मंत्रालयाकडे, तिथून अमेरिकेच्या न्याय खात्याकडे, मग तिथल्या न्यायालयातून कंपनीकडे, आणि उत्तर त्याच वाटेने उलट असं फिरतं. याला परस्पर कायदेशीर साहाय्याचा करार म्हणतात. खुद्द अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या अभ्यासगटाने २०१३ साली नोंदवलं होतं की अशा विनंतीला सरासरी सुमारे दहा महिने लागतात. नोंदी जपायची मुदत आणि हे दहा महिने शेजारी ठेवून बघा. उत्तर यायच्या आत नोंद पुसली गेलेली असू शकते. ती पुसू नका एवढं तातडीने कळवण्याची सोय आहे, पण ते पत्र पहिल्या काही दिवसांत जावं लागतं.

यावर उपाय म्हणून बुडापेस्टमध्ये २००१ साली सायबर गुन्ह्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात नाही. मसुदा करताना आम्हाला विचारलं नव्हतं, ही आपली जुनी हरकत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ डिसेंबर २०२४ रोजी नवा करार मंजूर केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो हनोईत सह्यांसाठी खुला झाला. तो लागू व्हायला चाळीस देशांची अंतिम संमती लागते. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी त्याला कडक विरोध केला, कारण टीकाकारांना गुन्हेगार ठरवणाऱ्या सरकारांनाही त्यातून दुसऱ्या देशातली माहिती मागता येईल. ही भीती मला अजिबात पोकळ वाटत नाही.

सरहद्दीचा खेळ महाराष्ट्राने अगदी जवळून पाहिलाय. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेची नक्कल केलेली कार्डं घेऊन २८ देशांतली माणसं एटीएमसमोर उभी राहिली आणि साधारण दोन तासांत हजारो वेळा पैसे काढले गेले. एटीएममध्ये कार्ड घातलं की यंत्र बँकेला विचारतं, या खात्यात पैसे आहेत का? हा प्रश्न ज्या यंत्रणेतून जातो तिला स्विच म्हणतात. चोरांनी व्हायरस घुसवून मधे आपला खोटा स्विच बसवला होता. प्रश्न बँकेपर्यंत पोचतच नव्हता आणि खोटा स्विच दर वेळी 'आहेत, द्या' असं उत्तर देत होता. सोमवारी, १३ तारखेला, बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीचा गैरवापर करून आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. सगळे मिळून ९४ कोटींच्या वर.

आणि पकडले कोण गेले? भारतातल्या एटीएमवर, कोल्हापुरासारख्या ठिकाणी, कार्ड घालून नोटा काढणारे. त्यांचे चेहरे कॅमेऱ्यात आले होते. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवलं. व्हायरस लिहिणारे आणि जगभरची माणसं एकाच तासाला एटीएमसमोर उभी करणारे परदेशातच राहिले. इथे पुणे पोलिसांना नावं ठेवायचं कारण नाही. हातात दिलेल्या साधनांनी जिथवर पोचता येतं तिथवर ते पोचले.

आता थोडं घरचं सांगतो. माझी मावशी साताऱ्यात राहते. 'वीजबिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला पुरवठा तोडण्यात येईल' असा मेसेज तिला आला. दिलेल्या नंबरवर तिने फोन केला, त्या माणसाने पाठवलेलं ॲप उतरवून घेतलं आणि काही मिनिटांत खात्यातून एक लाख ऐंशी हजार रुपये गेले. भाचीने लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या सरकारी क्रमांकाला, फोन लावला. त्या फोनमुळे काय हलतं हे फार लोकांना माहीत नसतं. तक्रार नोंदवणारा माणूस व्यवहाराचा क्रमांक विचारतो आणि तो एका सामाईक यंत्रणेत टाकतो. पैसे पोचलेल्या बँकेला ते दिसतं. पैसे अजून खात्यात असतील तर ती तेवढी रक्कम अडवते, पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेचं नाव लिहिते, आणि साखळी पुढे सरकते. ही खाती बहुतेक वेळा भाड्याची असतात. कमिशनच्या लोभाने एखाद्या कॉलेजच्या पोराने किंवा मजुराने आपलं पासबुक, सिम आणि कार्ड देऊन टाकलेलं असतं. एका खात्यातून पैसे दहा खात्यांत फुटतात, त्या दहांतून पन्नासांत, आणि कुठेतरी एटीएममधून नोटा होऊन बाहेर पडतात. नोटा झाल्या की यंत्रणेचा हात तिथवर पोचत नाही.

मावशीचे ३१ हजार अडवता आले. ते खात्यात परत यायला न्यायालयाचा आदेश लागला आणि पाच महिने गेले. बाकीच्यांचा तपास चालू आहे.

देशभराचा आकडा पाहिला तर छाती दडपते. २०२४ या एका वर्षात लोकांनी सायबर फसवणुकीत २२ हजार ८०० कोटींहून जास्त रुपये गमावल्याचं सरकारने लोकसभेत सांगितलं. दुसरीकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ७८ वं कलम म्हणतं की या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा. हेतू चांगला आहे, नाजूक काम अनुभवी माणसाच्या हातात राहावं. पण निरीक्षक एका ठाण्यात असतात किती? मावशीचा जबाब घेणारे साहेब बोलता बोलता टेबलावरच्या फायली बाजूला सारून कागदाला जागा करत होते.

कादंबरी वाचून माझ्या भाचीला पडलेला प्रश्न इथे परत येतो. एवढा प्रचंड गुन्हा आणि एवढी तोकडी यंत्रणा पाहिली की कोणालाही वाटतं, द्या यांना सगळे अधिकार, बघू द्या सगळं. 'नेट फोर्स' हीच भावना धरून पुढे जातं. दलातली माणसं भली आहेत, म्हणून त्यांच्या हातातली ताकद वाचकाला खटकत नाही. खऱ्या जगात ताकद आधी दिली जाते. ती कोणाच्या हातात पडली हे मागाहून कळतं.

सिल्क रोड या छुप्या बाजाराचं उदाहरण मला इथे फार बोलकं वाटतं. माणसाची ओळख लपवणाऱ्या टॉर या जाळ्यावर अमली पदार्थांची ही बाजारपेठ चालायची. तिचा चालक रॉस उलब्रिक्ट सापडला त्याचं एक मोठं कारण अगदी साधं होतं. करखात्याच्या एका तपासनिसाने गूगलवर जुने संदेश शोधले. बाजाराची सुरुवातीची जाहिरात ज्या टोपणनावाने झाली होती, त्याच टोपणनावाने दुसरीकडे कोणीतरी स्वतःचा खरा ईमेल पत्ता लिहून ठेवला होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात, लॅपटॉप उघडा असतानाच, साध्या वेशातल्या दोघांनी भांडणाचं नाटक करून त्याचं लक्ष वळवलं आणि लॅपटॉप ताब्यात घेतला. तो मिटला असता तर आतला मजकूर कुलूपबंद झाला असता. हा तपास खरोखर कसबाचा आहे. पण याच बाजाराच्या तपासावर असलेले दोन सरकारी अधिकारी त्या बाजारातलं बिटकॉइन स्वतःच्या खिशात घालत होते. दोघांनाही २०१५ साली तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्यांना पकडता आलं तेही नोंदींमुळेच, बिटकॉइनच्या सगळ्यांना दिसणाऱ्या खातेवहीमुळे.

कधी कधी पोलीस कादंबरीलाही मागे टाकतात. २०२१ च्या जूनमध्ये उघड झालं की गुन्हेगारांमध्ये लोकप्रिय असलेली 'ॲनम' ही गुप्त संदेशांची फोनसेवा मुळात एफबीआयच चालवत होती. शंभराहून अधिक देशांत विकलेल्या सुमारे १२ हजार फोनांवरचा प्रत्येक संदेश पोलिसांकडे जात होता. आठशेहून जास्त लोकांना अटक झाली. नेटवर्कवाला मित्र हे ऐकून खूश झाला. भाचीने विचारलं, की त्या फोनवर एखाद्या वकिलाचं आणि अशिलाचं बोलणं असेल तर त्याचं काय झालं? दोघांचंही बरोबर आहे असं मला वाटतं. यातून एकाची बाजू घेणं मला अजून जमलेलं नाही.

आपल्याकडचं उदाहरण तर पालघरचं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. एका तरुण मुलीने फेसबुकवर त्या बंदबद्दल चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या 'लाइक' केल्या आणि दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ कलम त्यांच्यावर लावलं गेलं. या कलमात 'त्रासदायक' मजकूर पाठवणं हासुद्धा गुन्हा होता. कोणाला त्रास, किती त्रास, याची व्याख्याच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम रद्द केलं. तरी ठाण्यांमध्ये त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवणं चालूच राहिलं, आणि ते थांबवा असं ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. रद्द झालेलं कलम साडेसात वर्षं चालत राहतं हे मला एटीएमच्या खोट्या स्विचइतकंच भयंकर वाटतं.

मग नोंद मिळाली, ती कायद्याने मागितली, माणूसही सापडला, तर पुढे काय? ती न्यायालयात टिकली पाहिजे. इथे कादंबऱ्या हमखास प्रकरण संपवतात, आणि इथे जालन्याची गोष्ट सांगायलाच हवी. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले. हरलेले कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं, उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या चित्रीकरणात ते दिसतंय. चित्रीकरण होतं, पण त्यासोबत लागणारं प्रमाणपत्र नव्हतं. हे चित्रण अमुक यंत्रातून घेतलं, यंत्र नीट चालत होतं, त्यात फेरफार नाही, असं यंत्र सांभाळणाऱ्याने लिहून द्यायचं असतं. गोरंट्याल यांनी ते वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ यंत्रच समोर आणलं नसेल तर हे प्रमाणपत्र लागणारच. मात्र ज्याने मिळवण्यासाठी सगळं काही केलं आणि समोरच्याने ते अडवून धरलं, त्याला त्यापायी दंडित करता येणार नाही. हाच निकाल पुढे देशभरच्या सायबर खटल्यांना लागू पडला. अर्ज तीनच्या आत आला की नंतर, या भांडणातून तो निघाला आहे.

१ जुलै २०२४ पासून नवा साक्ष कायदा आला आणि त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशचीही भर पडली. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. गणिती पद्धतीने अख्ख्या फाइलमधून एक ठरावीक लांबीची ओळ काढली जाते. फाइलमधला एक स्वल्पविराम बदला, ओळ पार वेगळी येते. त्यामुळे ठाण्यात दिलेली फाइल आणि दोन वर्षांनी न्यायालयात उघडलेली फाइल तीच आहे का, हे कोणालाही ताडून बघता येतं.

मावशीच्या फोनमधले मेसेज आणि व्यवहारांची चित्रं तिच्या फिर्यादीला जोडली तेव्हा असंच प्रमाणपत्र तयार झालं. तळाशी चौसष्ट अक्षरा-आकड्यांची एक ओळ होती. हे काय छापलंय म्हणून तिने विचारलं. भाचीने तिला दोन वाक्यांत सांगितलं. मावशीने चष्मा लावला, आपल्या प्रतीवरच्या ओळीवर डाव्या हाताचं बोट ठेवलं, पोलिसांच्या प्रतीवर उजव्या हाताचं, आणि एकेक अक्षर पुटपुटत शेवटपर्यंत ताडून पाहिलं. साहेब तेवढा वेळ थांबले. मग तिने सही केली.